बांध, बंगला आणि शेजार : चेकॉव्हच्या तीन कलाकृतींविषयी

शहर वाढू लागले म्हणजे त्याच्या कडेची जमीन आधी नावाने बदलते आणि मग रूपाने. काल जो मळा होता त्याला आज ‘लेआउट’ म्हणतात, शेतघराचे ‘फार्महाऊस’ होते, आणि बांध जाऊन तेथे तारेचे कुंपण येते. हैदराबादहून मोईनाबाद-चेवेळ्ल्याकडे, पुण्याहून मुळशी-मावळाकडे किंवा इंदूरहून महूकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ही स्थित्यंतरे कोणाच्याही डोळ्यांना दिसतात. नगरवासी मनुष्य एक-दोन एकर घेतो, त्यावर टुमदार घर बांधतो, शनिवारी येतो आणि सोमवारी कामाला परततो. या व्यवहाराचा विचार अर्थशास्त्रज्ञ करतात, महसूल खाते करते, पाण्याचे आणि निसर्गाचे अभ्यासकही करतात. वाङ्मयाला त्यासंबंधी काही वेगळे सांगावयाचे आहे काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आमच्या मते वाङ्मयाला ते सांगावयाचे आहे. इतकेच नव्हे तर सव्वाशे वर्षांपूर्वी एका रशियन लेखकाने ते सांगूनही ठेवले आहे.

तो लेखक म्हणजे अंतोन चेकॉव्ह. ‘गूसबेरी’ ही त्याची कथा १८९८ सालची, ‘नवी दाचा’ ही कथा १८९९ सालची, आणि ‘चेरीची बाग’ हे नाटक मॉस्कोच्या आर्ट थिएटरच्या रंगमंचावर आले ते १९०४ च्या जानेवारीत. सहा वर्षांच्या अवधीत लिहिलेल्या या तिन्ही कलाकृतींचा विषय, बाह्यतः पाहिले तर, एकच आहे : शहराबाहेरची जमीन कोणीतरी विकत घेतो. समीक्षकांनी या तिन्हींचा परामर्श बहुधा वेगवेगळा घेतला आहे. पहिलीत आत्मसंतुष्ट माणसाचा उपहास, दुसरीत खेडुतांच्या अज्ञानाचे चित्र आणि तिसरीत मावळत्या सरदारवर्गाचे विलापगीत त्यांना दिसले. ही मते सर्वस्वी चुकीची आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु तिन्ही कृती एकापुढे एक ठेवून वाचल्या म्हणजे त्यांतून एक सलग विचार उभा राहतो, आणि तो सुटासुटा वाचताना हाती लागत नाही. त्या विचाराकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीच हे ध्यानात घेतले पाहिजे की चेकॉव्ह हा या व्यवहाराचा तटस्थ प्रेक्षक नव्हता. त्याचा आजा भूदास होता. त्याने पै पै साठवून १८४१ साली आपले आणि आपल्या कुटुंबाचे स्वातंत्र्य विकत घेतले. बाप तागानरोग येथे किराणा दुकानदार होता. पुढे त्याचे दिवाळे निघाले आणि राहते घर हातचे गेले. अशा घराण्यातील मुलाने १८९२ साली मॉस्कोच्या दक्षिणेस सुमारे सत्तर किलोमीटरांवर, लोपास्न्या स्टेशनाजवळ, मेलिखोवो येथे २१३ देस्यातिना जमीन तेरा हजार रूबलांना खरेदी केली. देस्यातिना म्हणजे आपल्या हिशेबाने पावणेतीन एकरांस थोडे कमी. तेव्हा ही जमीन पाऊणे सहाशे एकरांच्या घरात जाते. ती पाहावयास प्रथम त्याचा भाऊ आणि बहीण गेली तेव्हा सारी भूमी बर्फाखाली होती, आणि आपले कोठे संपते व दुसऱ्याचे कोठे सुरू होते हे समजण्यास मार्ग नव्हता, अशी आठवण त्या भावानेच लिहून ठेवली आहे. घर गमावणे म्हणजे काय आणि जमीन घेणे म्हणजे काय, या दोहोंचा अनुभव असलेला लेखक या विषयाकडे वळला, ही गोष्ट सामान्य नव्हे.

आता ‘गूसबेरी’ या कथेकडे वळू. शीर्षकातील फळ आपल्याकडचे नव्हे. त्याला ‘आवळा’ म्हणण्याची प्रथा आहे, पण ती दिशाभूल करणारी आहे, म्हणून आम्ही मूळचेच नाव ठेवले आहे. निकोलाय इवानोविच नावाचा एक कारकून कचेरीत बसून खेड्यातल्या जमिनीची स्वप्ने पाहतो. त्याचे आडनाव चिम्शा-हिमालायस्की असे विचित्र असून त्यात आपला हिमालय येऊन बसला आहे! वर्तमानपत्रांतील शेती-बागांच्या विक्रीच्या जाहिराती हेच त्याचे वाचन. तो भावी वास्तूचा आराखडा काढतो. त्यात घर, नोकरांची जागा, भाजीचा मळा आणि गूसबेरीची झुडपे ही ठरलेली. त्यासाठी तो पोटाला चिमटा घेतो, पैशासाठी एका विधवेशी लग्न लावतो, तिलाही अर्धपोटी ठेवतो, आणि ती तीन वर्षांत मरते. शेवटी मध्यस्थामार्फत ११२ देस्यातिना जमीन त्याला मिळते. तीत ना फळबाग, ना गूसबेरी, ना तळी. नदी आहे, पण एका बाजूस विटांचा आणि दुसऱ्या बाजूस हाडे जाळण्याचा कारखाना असल्यामुळे तिचे पाणी कॉफीच्या रंगाचे झालेले. निकोलाय मात्र खचत नाही. तो वीस झुडपे मागवतो, लावतो आणि जमीनदाराच्या थाटात राहू लागतो.

या कथेतील उपहासाची धार सर्वांच्या ध्यानात येते. त्याहून सूक्ष्म गोष्ट अशी की खरेदीखत झाल्यानंतर निकोलायचे आजूबाजूच्या गावाशी जे नाते जुळते, ते चेकॉव्हने चार-दोन वाक्यांत नोंदवून ठेवले आहे. तो गावाशी आणि दोन्ही कारखान्यांशी कज्जे करतो. शेतकऱ्यांनी आपणांस ‘महाराज’ म्हणून संबोधले नाही तर त्याला राग येतो. कोणताही रोग झालेल्या शेतकऱ्याला तो सोडा आणि एरंडेल देतो, आणि स्वतःच्या नामदिनी प्रार्थना करवून गावाला दारू पाजतो. म्हणजे त्याला शेजारी असे कोणीच नाहीत. त्याला प्रतिवादी आहेत, रोगी आहेत आणि मुजरा करणारे आहेत. कथेचा निवेदक, त्याचा भाऊ इवान इवानिच, या सुखाच्या दर्शनाने अस्वस्थ होतो. माणसाला तीन हात जमीन पुरे असे म्हणतात, पण ती प्रेताला पुरते, माणसाला सारी पृथ्वी हवी, असा त्याचा उद्गार आहे. उद्गार प्रभावी खराच. पण तोही गावाविषयी नाही हे विसरता कामा नये. भावाच्या कुंपणापलीकडे राहणाऱ्या माणसांना कसे वाटत असेल हा प्रश्न इवान इवानिच विचारीत नाही. तो प्रश्न पुढच्या वर्षी ‘नवी दाचा’ या कथेने विचारला.

‘दाचा’ या शब्दाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. रशियन भाषेत ‘देणे’ या अर्थाच्या धातूपासून तो आला आहे, आणि मुळात त्याचा अर्थ राजाने बक्षीस दिलेली जमीन असा होता. मराठीत सांगावयाचे तर इनाम. कालांतराने त्याला शहराबाहेरचे उन्हाळ्यात राहावयाचे घर असा अर्थ आला. राजाच्या मर्जीने मिळणाऱ्या वस्तूचे नाव बाजारात पैसे टाकून मिळणाऱ्या वस्तूला चिकटले, यात त्या समाजाच्या शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास साठवलेला आहे. इनामदारी गेली तरी शब्दाचा तोरा राहिला.

या कथेत कुचेरोव नावाचा इंजिनिअर ओब्रुचानोवो या खेड्याजवळ पूल बांधतो. त्याच्या पत्नीला, येलेना इवानोव्हनाला, तो प्रदेश आवडतो. म्हणून ती दोघे वीस देस्यातिना जमीन घेतात आणि तीन महिन्यांत दुमजली बंगला उठवतात. त्याला गच्ची आहे, सज्जे आहेत, मनोरा आहे, आणि मनोऱ्यावर रविवारी निशाण फडकते. बागेत मोठी झाडे आणून लावली जातात, कारंजे उडू लागते. दोघेही स्वभावाने भली आहेत. निकोलायचा क्षुद्रपणा त्यांच्या ठिकाणी औषधालाही नाही. कथेची खरी कसोटी येथेच आहे. दुष्ट खरेदीदाराची गोष्ट लिहिणे सोपे. चेकॉव्हने भल्या खरेदीदाराची लिहिली.

आणि तरीही बिनसत जाते. गावाची गुरे इंजिनिअरच्या बागेत आणि रानात शिरतात. इंजिनिअरची जनावरे गावाच्या कुरणात शिरताच गावकरी ती अडवून दंड मागतात. बंगल्यातून लगाम नाहीसे होतात, चिमटे नाहीसे होतात. पूल झाला त्याचेही कोणाला कौतुक नाही. आम्ही पुलावाचून राहत होतो, आम्ही तो मागितला नव्हता, असे गावातून ऐकू येते. येलेना इवानोव्हना आपल्या लहान मुलीला घेऊन गावात चालत येते. रस्ता दुरुस्त करू, तुमच्या मुलांसाठी शाळा बांधू, असे मनापासून सांगते. ऐकणारे ऐकतात आणि त्यांच्या मनात काही हलत नाही.

या कथेतील दोन स्थळे भाषेच्या दृष्टीने फार मोलाची आहेत. इंजिनिअर गावकऱ्यांना म्हणतो की मी तुमच्याशी माणुसकीने वागतो, तुम्हीही त्याच नाण्यात माझी परतफेड करा. हा रशियन सुशिक्षितांचा नेहमीचा वाक्प्रचार. परंतु रोदिओन लोहार, जो गावातला सर्वांत सज्जन मनुष्य, तो घरी येऊन बायकोला सांगतो की साहेब पैसे मागत आहेत, तेव्हा घरटी दहा-दहा कोपेक द्यावयास हवेत. पुढे विटलेला इंजिनिअर म्हणतो की अशाने आम्ही तुम्हांला तुच्छ लेखू लागू. रशियनमध्ये ‘तुच्छ लेखणे’ आणि ‘सांभाळ करणे’ ही क्रियापदे उच्चाराला जवळजवळ सारखी आहेत. रोदिओन दुसराच अर्थ घेतो आणि, साहेब आणि बाईसाहेब आपल्याला सांभाळणार आहेत, या समजुतीने त्याचे हृदय भरून येते. त्यांच्या पाया पडावे असे त्याला वाटते.

पुष्कळ समीक्षक याकडे विनोद म्हणून पाहतात आणि पुढे जातात. आम्हांस ते कथेचे मर्म वाटते. भाषा एक, देश एक, धर्म एक; आणि तरी बंगल्यात उच्चारलेला शब्द झोपडीत पोचेपर्यंत त्याचा अर्थ उलटा होतो. याचे कारण गावकऱ्यांचे अज्ञान एवढेच नाही. शब्दाचा अर्थ शेजाराने ठरतो. जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या एका बांधाच्या दोन बाजूंना राहिली, एकमेकांच्या सुगीला आणि सुतकाला गेली, त्यांची भांडणेसुद्धा एकमेकांना नीट समजतात. इंजिनिअरने वीस देस्यातिना जमीन घेतली, पण त्या जमिनीबरोबर तिच्या भोवतीच्या बोलण्याचा अर्थ त्याला मिळाला नाही. तो खरेदीखतात लिहून मिळण्यासारखा नसतो.

कथेचा शेवट अधिकच बोचरा आहे. इंजिनिअरचे कुटुंब कंटाळून निघून जाते, आणि बंगला एका सरकारी अधिकाऱ्याकडे जातो. हा गृहस्थ सुटीच्या दिवशी शहरातून सहकुटुंब येतो, गच्चीवर बसून चहा घेतो आणि परत जातो. अधिकार बेताचाच, पण ऐट मोठी. गावकऱ्यांनी केलेल्या नमस्काराला तो उत्तरही देत नाही. आणि या माणसाशी गावाचे उत्तम जमते! गावकरीच विचारात पडतात. आमच्या गावचे लोक चांगले, शांत, देवभिरू. ती बाईही किती सौम्य आणि दयाळू. मग आम्ही वैऱ्यासारखे का दुरावलो, आणि या नव्या मालकाशी मात्र सलोख्याने कसे राहतो? डोळ्यांपुढे जणू धुके होते, आणि त्यातून गुरांची नासधूस, लगाम आणि चिमटे एवढेच दिसत राहिले, असे त्यांना वाटते. उत्तर चेकॉव्ह देत नाही. परंतु वाचकाला ते कळते आणि कळून तो सुखावत नाही. इंजिनिअरशी भांडण झाले कारण त्याला नाते हवे होते. अधिकाऱ्याशी सलोखा आहे कारण त्याला काहीच नको आहे. ज्या शांततेच्या मुळाशी कसलाही संबंध नाही, तीच टिकली.

ही गच्ची आणि हा चहा ध्यानात ठेवून ‘चेरीची बाग’ वाचावयास घेतली की एक विलक्षण गोष्ट प्रत्ययास येते. नाटकाची हकीकत सुविदित आहे. ल्युबोव रानेव्हस्काया पाच वर्षांनी पॅरिसहून आपल्या वडिलोपार्जित घरी येते. मे महिना आहे, चेरी फुललेल्या आहेत, आणि कर्जापायी ही मालमत्ता २२ ऑगस्टला लिलावात निघणार आहे. लोपाखिन हा धनिक व्यापारी, ज्याचे बाप-आजे याच घरचे भूदास होते, तिला वाचण्याचा उपाय सांगतो : शहर वीस वेर्स्तांवर आहे, म्हणजे एकवीस-बावीस किलोमीटर, जवळून आगगाडी गेली आहे, बाग तोडा, जुनी घरे पाडा, नदीकाठच्या जमिनीचे तुकडे पाडून दाचांसाठी भाड्याने द्या, दर देस्यातिनेला वर्षाला पंचवीस रूबल, म्हणजे सालिना निदान पंचवीस हजार कोठे गेले नाहीत. आमच्या काळातील कोणताही जमीन-विकासक याहून अधिक नेमके बोलणार नाही.

त्याच वेळी लोपाखिन आणखी एक गोष्ट बोलून जातो, आणि ती फारशी कोणी मनावर घेत नाही. पूर्वी खेड्यात सरदार आणि शेतकरी एवढेच होते. आता दाचावाले आले आहेत. लहान लहान गावांभोवतीसुद्धा दाचा उभ्या राहिल्या आहेत. वीस वर्षांत ही मंडळी बेसुमार वाढतील. आज दाचावाला आपल्या गच्चीवर चहा पितो, एवढेच. पण उद्या तो आपल्या एका देस्यातिनेवर शेती करू लागेल, आणि मग ही भूमी सुखी आणि समृद्ध होईल. ‘नवी दाचा’तला अधिकारी जो चहा पीत होता, तोच हा चहा आहे. पाच वर्षांपूर्वी ज्या चित्रावर चेकॉव्हने कथा संपवली, तेच चित्र त्याने लोपाखिनच्या स्वप्नाच्या आरंभी ठेवले आहे. चौथ्या अंकात त्रोफिमोव्ह हा कायमचा विद्यार्थी लोपाखिनला सुनावतो की तू हातवारे करण्याची सवय सोड, आणि दाचावाल्यांतून एके दिवशी शेतकरी निघतील अशी गणिते मांडणे हाही एक हातवाराच आहे. नाटककाराने हे वाक्य त्रोफिमोव्हच्या तोंडी घातले यात गंमत आहे, कारण अवघा रशिया हीच आमची बाग असे म्हणणाऱ्या त्रोफिमोव्हने स्वतः एक रोपही लावलेले नाही.

या नाटकात जमिनीकडे पाहणारी माणसे पुष्कळ आहेत. रानेव्हस्कायेला बागेत तिची आई आणि तिचे बालपण दिसते. त्या काठच्या नदीत तिचा सात वर्षांचा मुलगा बुडून गेला आहे. तिचा भाऊ गायेव याला विश्वकोशात बागेचा उल्लेख आहे याचा अभिमान वाटतो. लोपाखिनला ती मोठी आहे एवढीच नोंद करावीशी वाटते, कारण चेरी दोन वर्षांतून एकदा येते आणि तिला गिऱ्हाईक नाही. पीश्चिक हा कर्जबाजारी शेजारी तर निव्वळ नशिबावर जगतो. पूर्वी त्याच्या जमिनीतून आगगाडी गेली तेव्हा पैसे मिळाले, आणि चौथ्या अंकात इंग्रजांना तेथे पांढरी माती सापडते. ती जमीन तो त्यांना चोवीस वर्षांच्या कराराने देतो. त्रोफिमोव्हला झाडाच्या प्रत्येक पानातून भूदासांचे डोळे आपणांकडे पाहताना दिसतात. एकटा ऐंशी वर्षांपलीकडचा नोकर फिर्स मात्र बागेचे काय करीत असत हे जाणतो. पूर्वी चेरी वाळवीत, मुरवीत, तिचा मुरंबा करीत, गाड्या भरभरून मॉस्कोला आणि खारकोव्हला पाठवीत. ती कृती कोणाला ठाऊक आहे, असे विचारताच तो सांगतो की विसरली, आता कोणालाच आठवत नाही. बाग कुऱ्हाडीने पडण्याच्या फार आधीच ती मेली होती, हे या एका उत्तरात आहे. जिचे काय करावयाचे हे कोणाला ठाऊक नाही अशा जमिनीची अखेर किंमतच उरते. लोपाखिन तिचा मारेकरी नव्हे. त्याने फक्त किंमत वाचली.

म्हणूनच लोपाखिनला खलनायक करणारे प्रयोग आम्हांस मान्य होत नाहीत. चेकॉव्हचीही तशी इच्छा नव्हती. तो सभ्य आणि मृदू मनुष्य आहे असे त्याने स्पष्ट कळविले होते, आणि ती भूमिका स्वतः स्तानिस्लाव्हस्कीने करावी असा त्याचा आग्रह होता. स्तानिस्लाव्हस्कीने गायेवची घेतली आणि नाटकाचा तोल विलापाकडे झुकला. ज्या स्वयंपाकघरात आपल्या बापजाद्यांना पाऊल टाकण्याची मुभा नव्हती ते घर आपण घेतले, या जाणिवेने लोपाखिन तिसऱ्या अंकात उन्मत्त होतो आणि दुसऱ्याच क्षणी रडवेला होतो. किराणा दुकानदाराच्या मुलाने आणि भूदासाच्या नातवाने हा प्रवेश लिहिला आहे. त्यात उपहास शोधणाऱ्यास चेकॉव्ह समजला नाही असेच म्हणावे लागेल.

असे असले तरी या थोर नाटकात एक उणीव आहे, आणि ती सांगितली पाहिजे. ज्या गावाच्या शेजारी या दाचा उठणार आहेत, ते गाव रंगमंचावर येतच नाही. दुसऱ्या अंकात कोणी एक वाटसरू भीक मागून जातो, क्षितिजावर शहर दिसते, तारायंत्राचे खांब दिसतात; परंतु शेतकरी दिसत नाहीत. पुढे त्या गच्च्यांवर चहा पिणाऱ्यांचे आणि त्यांच्या कुंपणाबाहेरच्यांचे काय होणार, हे नाटक सांगत नाही. ते आधीच्या कथेत सांगून झाले आहे. म्हणून आमचे म्हणणे असे की ‘नवी दाचा’ ही ‘चेरीच्या बागे’ची पूर्वकथा असूनही तिचा पाचवा अंक आहे. एकात जमीन हातातून जाण्याचे दुःख आहे, दुसरीत जमीन हातात येऊनही न मिळण्याचे. दोन्ही मिळून चित्र पुरे होते.

येथे एक आक्षेप संभवतो. चेकॉव्ह स्वतः मेलिखोवोला सात वर्षे राहिला, आणि त्याने शेजार जोडला नाही काय? जोडला. १८९२ च्या पटकीच्या साथीत पंचवीस खेडी, चार कारखाने आणि एक मठ एवढ्यांच्या वैद्यकीय व्यवस्थेचा भार त्याने विनावेतन उचलला. तालेझ, नोव्होस्योल्की आणि मेलिखोवो येथे तीन शाळा त्याने उभ्या केल्या. येलेना इवानोव्हना जी शाळा बांधू म्हणते आणि बांधत नाही, ती त्याने तीनदा बांधली. मग हा सुखद अनुभव त्याने कथेत का उतरवला नाही? आमच्या मते या प्रश्नाच्या उत्तरात त्याच्या कलेची सचोटी आहे. त्याला ठाऊक होते की डॉक्टर म्हणून गावात शिरण्यास जी वाट त्याला मिळाली ती प्रत्येक खरेदीदाराला मिळत नाही. आणि इतके करूनही १८९७ साली त्याच मेलिखोवोत बसून लिहिलेल्या ‘शेतकरी’ या कथेत त्याने गावाचे रूप गोड करून दाखविले नाही. स्वतःच्या सत्कृत्याचा दाखला देऊन त्याने प्रश्न मिटविला नाही. क्षयाने पोखरलेल्या देहाला दक्षिणेची हवा हवी म्हणून त्याने १८९९ साली मेलिखोवो विकले, आणि त्याच वर्षी ‘नवी दाचा’ प्रसिद्ध झाली.

आता आपल्याकडे पाहू. मराठीत जमीन आणि वाडा हातातून जाण्याचे दुःख समर्थपणे चितारले गेले आहे. महेश एलकुंचवारांचे १९८५ सालचे ‘वाडा चिरेबंदी’ हे त्याचे ठळक उदाहरण. धरणगावकर देशपांड्यांच्या त्या वाड्यापुढे गंजत पडलेला ट्रॅक्टर पाहून फिर्सच्या विसरलेल्या कृतीची आठवण व्हावी, इतके ते नाटक या परंपरेतले आहे. शेतकऱ्याच्या बाजूने सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ आहे. पैसा आल्यावर जमीन गेलेल्या घरांतील तरुणांचे काय झाले हे २०१८ साली ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने आपल्या परीने दाखविले. विकणाऱ्याची बाजू अशी पुष्कळ मांडली गेली. परंतु विकत घेणारा, तोही भला, सुशिक्षित, झाडे लावू पाहणारा, गावाला मदत करू इच्छिणारा, आणि तरीही शनिवारच्या रात्री कुंपणाचे दार लावून घेणारा, हा मराठी कथेचा नायक क्वचितच होतो. तो बहुधा पार्श्वभूमीवर मोटारीतून जातो. आणि आश्चर्य असे की मराठी कथा लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या मध्यमवर्गातच तो आज सर्वांत अधिक आहे!

कायदा या माणसाला काही प्रश्न विचारतो. महाराष्ट्रात १९४८ च्या कुळवहिवाटीच्या कायद्याने, शेतकरी नसलेल्याने परवानगीवाचून शेतजमीन घेऊ नये, असे ठरविले. आमच्या हैदराबादेत उस्मानसागर आणि हिमायतसागर या जलाशयांच्या रक्षणासाठी १९९६ साली ८४ गावांतील बांधकामावर निर्बंध आले, आणि २०२२ साली ते उठविण्याचा निर्णय शासनाने घेतला. तसे व्हावे ही मागणी त्या गावांतल्या कित्येक शेतकऱ्यांचीही होती, हे लोपाखिनला समजून घेणाऱ्या वाचकास नवल वाटण्यासारखे नाही. तू शेतकरी आहेस काय, तुझ्या घरामुळे पाणी अडते काय, हे कायदा विचारू शकतो आणि त्याने ते विचारावे. तू शेजारी होणार आहेस काय, हे विचारण्याचा अधिकार कायद्याला नाही. तो वाङ्मयाचा आहे.

परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हां मराठी माणसांना या प्रश्नाची धग थोडी अधिक जाणवावी. हैदराबाद, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे आमचे पूर्वज आले तेव्हा कोणी जहागिरीच्या सनदेने आले, कोणी नोकरीच्या हुकमाने. घर आणि जमीन कागदाने मिळाली. परंतु आम्ही तेथले झालो ते कागदाने नव्हे. शेजारणीची भाषा आजीच्या तोंडी आली, त्यांचे सण आमच्या अंगणात आले, आणि आमच्या मराठीत तेलुगू, उर्दू, गुजराती, हिंदी शब्द येऊन बसले, तेव्हा आम्ही तेथले झालो. त्याला दोन-तीन पिढ्या लागल्या. इंजिनिअर कुचेरोव्हला एवढा वेळ नव्हता, आणि शनिवारी येऊन सोमवारी जाणाऱ्याला तर तो मुळीच नाही.

‘चेरीची बाग’ संपते तेव्हा सारी मंडळी निघून गेलेली असतात, घराला कुलूप लागलेले असते, आणि आत विसरला गेलेला फिर्स एकटा पडून असतो. बाहेर कुऱ्हाडीचे घाव ऐकू येतात. त्याला रुग्णालयात पाठविले असे प्रत्येकाला वाटले होते. कोणी दुष्ट नव्हते, आणि कोणी पाहिलेही नव्हते. जमिनीच्या प्रत्येक हस्तांतरात असा एक फिर्स मागे राहतो. त्याला जमिनीचे काय करीत असत हे ठाऊक असते, आणि खरेदीखतावर त्याची सही लागत नाही. आपल्याकडे तो सालदार असेल, बांधापलीकडचा अल्पभूधारक असेल, किंवा त्याच शेतात काल मालक होता आणि आज राखणदार म्हणून पगारावर राहिलेला म्हातारा असेल. त्याची आणि त्याच्या नव्या मालकाची, दोघांचीही बाजू कळणाऱ्या लेखकाची मराठी वाट पाहत आहे. त्याने भल्या माणसाची गोष्ट लिहावी. दुष्टाची लिहून हा प्रश्न सुटत नाही.